वाचक विचारतात: झाडावर चढलेला माणूस सुखरूप खाली यावा म्हणून

पावसाआधीची छाटणी सुरू झाली की आमच्याकडे पत्रांचा नुसता पाऊस पडतो, कुठली फांदी कापू, कधी कापू, परवानगी कोण देतं वगैरे. यावेळी मात्र बऱ्याच जणांनी चढणाऱ्या माणसाबद्दल विचारलंय, आणि मला खरंच बरं वाटलं, कारण या कामात माणसं मरतात, आयुष्यभराची अधू होतात, आणि त्यातले बहुतेक अपघात झाड चढायच्या आधीच खाली जमिनीवर ठरलेले असतात. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच देतोय. उत्तरं लहानमोठी झालीत, ती जशी झाली तशीच ठेवलीत.

आमच्या सोसायटीत चार मोठे रेनट्री आणि दोन गुलमोहर आहेत. छाटणीसाठी तीन कोटेशन आली, त्यातला एक जण जवळपास निम्म्या पैशात करून देतो म्हणतोय आणि कमिटी त्याच्याच बाजूनं आहे. सेक्रेटरी म्हणून मी काय बघायला हवं? – सेक्रेटरी, ठाणे

आधी कागद. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षण आणि जतनाचा कायदा आहे, झाड तोडायला तर परवानगी लागतेच पण छाटणीसाठीही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा, झाड तुमच्या कंपाउंडच्या आत असलं तरी. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण मिळालं, तुमचे रेनट्री जुने असतील तर अर्जात वय लिहा. ठेकेदार म्हणेल साहेब ते मी बघतो, तरी परवानगीची कॉपी हातात पडेपर्यंत कोयता लावू देऊ नका.

आता निम्म्या पैशाचं. झाड तेच, फांद्या त्याच, मग पैसे वाचतात कुठे? माणसांत आणि दोरांत वाचतात. त्यानं खाली दोन माणसं कमी धरलेली असतात, फांदी बांधून उतरवायचे दोर धरलेले नसतात, वरचा माणूस कमरेला एकच दोर गुंडाळून चढणार असतो आणि विमा नसतो. तर कोटेशन हातात घेऊन त्याला सरळ विचारा, वर किती जण चढणार, खाली किती जण थांबणार, वरच्याला काही झालं तर त्याला खाली कोण आणणार आणि कशानं. या शेवटच्या प्रश्नावर जो गप्प होतो त्याला काम देऊ नका, मग तो फुकट करून देत असला तरी. सामान बघायला मागा, दोर, बेल्ट, हेल्मेट जमिनीवर पसरून दाखव म्हणा, चांगला ठेकेदार हे आनंदानं दाखवतो कारण त्यानं त्यावर पैसे घातलेले असतात. कामगारांचा अपघात विमा आणि शेजाऱ्यांच्या गाडीबिडीचं नुकसान झालं तर त्याचा विमा, दोन्हीचे कागद घ्या. हे सगळं ज्याच्याकडे आहे त्याचा रेट जास्त असणारच आणि तो द्यायचा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावर वाद झाला तर झाला.

फांदीचं वजन लोकांच्या लक्षातच येत नाही. एक फूट जाडीची आणि दहा फूट लांबीची ओली फांदी म्हणजे दीड-दोनशे किलो माल असतो, तो तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून सुटला तर खाली हेल्मेट घातलेलं असून पण काही उपयोग नाही. म्हणून खालची जागा रिकामी पाहिजे. छाटणी असेल तर झाडाचा पसारा जेवढा त्याच्या बाहेर अजून चांगली मोकळी जागा सोडून दोरी किंवा पट्टी बांधायची, अख्खं झाड पाडायचं असेल तर झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कुणी नको. गाड्या आदल्या रात्रीच हलवा, शाळेची बस सकाळी येते त्या वेळात काम नको, आणि वॉचमनला एक दिवस फक्त तेवढंच काम द्या की पट्टीच्या आत कुणाला सोडायचं नाही. कामवाल्या मावशी, कुरिअरवाला, मोबाईलवर बोलत येणारा आपलाच मेंबर, हेच लोक आत घुसतात.

अजून एक, खालच्या आणि वरच्या माणसात एक शब्द ठरलेला आहे का ते बघा. चांगल्या गँगमध्ये वरचा ओरडतो "सोडू का?" आणि खालून "मोकळं!" असं उत्तर आल्याशिवाय तो शेवटचा घाव घालतच नाही. उत्तर आलं नाही तर थांबतो. पाच मिनिटं खाली उभं राहून हे ऐकलंत तरी तुम्हाला कळेल माणसं शिकलेली आहेत की नाही. आणि कमिटीतलं कुणी "वरून शेंडेच उडवून टाका म्हणजे कटकट मिटली" म्हणालं तर ऐकू नका, तशी बोडकी केलेली झाडं पुढच्या दोन-तीन वर्षांत कमकुवत फुटवे काढतात आणि तेच फुटवे वादळात पडतात, शिवाय त्यावर पुन्हा चढणाऱ्या माणसाला धड पाय ठेवायला जागा राहत नाही. मिलीबगनं वाळलेला रेनट्री असेल तर ठेकेदाराला आधीच सांगा, वाळक्या फांदीवर दोर टाकून चढायचं नसतं, तिथे क्रेन किंवा बकेटवाली गाडीच लागते.

मी पुण्यात झाडं छाटायचं काम करतो. आतापर्यंत कमरेला दोर बांधूनच चढलो. आता ठेकेदारानं बिल्डिंगच्या कामाचा फुल बॉडी बेल्ट दिलाय, हूक पाठीत आहे. तो घालून काम होत नाही, सारखा अडकतो. न घालता चढलो तर काय होईल? – छाटणी कामगार, पुणे

दादा, तुम्ही लिहिलंत याचं मला फार मोल वाटतं. काम करणारा स्वतः विचारतो असं कमी होतं.

कमरेच्या दोराचं आधी सांगतो. नुसत्या कमरेला दोर असताना माणूस सुटला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर बसतो, बरगड्या, मणका, आतले अवयव, काहीही जाऊ शकतं, आणि मग तो कमरेतून दुमडून लटकतो, श्वास नीट घेता येत नाही. म्हणजे दोरानं जमिनीवर आपटायचं वाचवलं तरी माणूस वाचेलच असं नाही. त्यामुळे ते बंदच करा.

ठेकेदारानं दिलेला बेल्ट वाईट नाही, तो दुसऱ्या कामाचा आहे. पाठीतला हूक हा पडलेल्या माणसाला अडवण्यासाठी असतो, परांचीवर उभं राहून काम करणाऱ्याला तो ठीक. झाडावर तुम्हाला दोरावर बसून, कलून, दोन्ही हात मोकळे ठेवून काम करायचं असतं, त्यासाठी मांड्यांखालून पट्टे घेणारा आणि पुढे किंवा कमरेच्या दोन्ही बाजूंना कड्या असलेला झाडाचा हार्नेस मिळतो. गिर्यारोहणाचं सामान विकणारी दुकानं पुण्यात आहेत, तिथे विचारा, पण तिथला ताणणारा डायनॅमिक दोर घेऊ नका, तो रबरासारखा वरखाली करतो, तुम्हाला कमी ताणणारा दोर लागतो, साधारण ११ ते १३ मिलीमीटर जाडीचा, ज्यावर किती वजन झेपतं ते छापलेलं असतं. ट्रकचा दोर, सुंभ, नायलॉनची निळी-पिवळी दोरी फांद्या ओढायला वापरा, स्वतःसाठी नाही.

दोर कुठे टाकायचा यावर सगळं आहे. जिवंत, हिरव्या, मुख्य खोडाच्या बेचक्यात टाकायचा, ती फांदी निदान मनगटापेक्षा चांगली जाड, चार इंच तरी हवी. चढायच्या आधी खालून दोन माणसांनी मिळून दोराला लोंबकळून बघायचं, करकर आवाज आला की दुसरं बेचकं शोधायचं. दोर नेहमी तुमच्या डोक्याच्या वरून आलेला आणि ताठ हवा, ढिला दोर म्हणजे पडल्यावर झटका मोठा. आणि कापायला बसताना दुसरी छोटी लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसच्या कड्यांना अडकवायची आखूड दोरी, खोडाभोवती टाकूनच बसायचं, म्हणजे एकाच वेळी दोन ठिकाणी बांधलेले. मशीन, म्हणजे साखळीची करवत (चेनसॉ), वापरत असाल तर ती दुसरी लॅनयार्ड आत पोलादी तार असलेली घ्या. वर मशीन चालवताना स्वतःचाच दोर कापला गेला असे अपघात जगभर झालेत, म्हणून हा दोन बांधणीचा नियम आला. दोराच्या खालच्या टोकाला एक मोठी गाठ मारून ठेवा, उतरताना दोर संपला आणि माणूस टोकातून सुटला असं होतं, ती एक गाठ ते थांबवते.

रोज सकाळी दोर हातातून पूर्ण सरकवत बघा. कुठे फुगलाय, चपटा झालाय, वितळल्यासारखा चमकतोय, कापलाय, तर तेवढा भाग गेला समजा. त्याला गाठ मारून पुन्हा चढायला वापरायचं नाही.

आता जे कुणीच शिकवत नाही ते. माणूस हार्नेसमध्ये बेशुद्ध होऊन उभा लटकला तर पायात रक्त साठत जातं आणि काही मिनिटांतच जिवावर बेततं. अग्निशमन दलाची गाडी तेवढ्यात पोचेल याची खात्री नसते, गल्लीत गाड्या लावलेल्या असतील तर अजूनच नाही. म्हणून वर एक जण असताना खाली दुसरा चढता येणारा माणूस, त्याचा वेगळा हार्नेस, वेगळा दोर तयार पाहिजे. आणि हे महिन्यातून एकदा कमी उंचीवर करून बघा, एकानं बेशुद्ध असल्यासारखं लटकायचं, दुसऱ्यानं त्याला उतरवायचं. पहिल्यांदा खूप वेळ लागेल, तिथेच कळतं काय कमी आहे.

ठेकेदार हे ऐकत नसेल तर त्याला हे पान वाचून दाखवा. आणि उद्याच बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा, वर्षाला २० रुपये खात्यातून जातात, १८ ते ७० वयाला मिळतो, अपघाती मृत्यूला दोन लाख आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याप्रमाणे एक किंवा दोन लाख. रक्कम छोटी आहे हे मान्य, पण तुमच्या धंद्यातल्या बहुतेकांकडे तेवढंही नसतं. हे ठेकेदाराच्या विम्याऐवजी नाही, त्याच्याशिवाय वेगळं. कामावर इजा झाली तर मालकानं भरपाई द्यायची हे आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे, ती जबाबदारी त्याची आहेच.

ऑनलाइन चेनसॉ घेतला. बांधावरच्या निलगिऱ्या पाडायच्या आहेत आणि बाभळीच्या फांद्या उतरवायच्या आहेत. व्हिडिओ बघून जमेल ना? – शेतकरी, सांगली जिल्हा

फांद्या जमिनीवर पडल्यावर त्याचे तुकडे करायला शिका आधी, उभं झाड लगेच नको. पहिलं झाड जाणत्या माणसाबरोबर पाडा.

मशीनची साखळी जोरात असताना सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटर. ती मांडीला लागली तर जखम सुरीसारखी सरळ नसते, मांस फाडत जाते. जीन्सनं काही होत नाही. चेनसॉच्या खास पँटी किंवा मांडीवर बांधायचे चॅप्स मिळतात, आत लांब लांब धागे असतात, साखळी लागली की ते धागे ओढले जाऊन गुंततात आणि साखळी जाम होते. मशीन घेताना लोक दहा हजार सहज घालतात आणि यावर खर्च करायला नको म्हणतात, मला हे कधीच पटलं नाही. हेल्मेटला जाळी आणि कानाचे कप, चांगले बूट, हातमोजे. आणि गळ्यातला गमछा, उपरणं, लुंगी, सैल शर्टाची बाही, हे सगळं काढून ठेवा.

साखळी ज्या लांब पट्टीवर फिरते तो बार, त्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की मशीन उसळून तुमच्याच तोंडाकडे येतं, इतक्या झटक्यात की हात मागे घेता येत नाही. म्हणून टोकानं कापायचं नाही, दोन्ही हातांनी धरायचं, डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून गुंडाळलेला, मशीन खांद्याच्या वर कधी उचलायचं नाही आणि शिडीवर उभं राहून तर अजिबात नाही. पुढची ढाल नुसती हात वाचवायला नाही, तो साखळी थांबवणारा चेनब्रेक आहे, मशीन सुरू करताना तो लावलेला हवा. सुरू करताना मशीन जमिनीवर ठेवून, मागच्या हँडलमध्ये बुटाचं टोक घालून दोरी ओढा, हवेत हलवत ओढू नका. पेट्रोल भरताना इंजिन गार होऊ द्या, भरलेल्या जागेपासून दहा फूट लांब जाऊन सुरू करा, आणि विडी लांब ठेवा. ते एका हातानं धरायचं छोटं बॅटरीचं मशीन पण हल्ली खूप विकलं जातं, त्याच्यावर तर दुसरा हात कापून घेतल्याच्या जखमा होतात, कारण एका हातात मशीन आणि दुसऱ्या हातानं फांदी धरलेली असते.

बाभळीच्या जड फांद्या एका घावात खोडाजवळ कापू नका, अर्धी कापली की ती स्वतःच्या वजनानं खाली वाकते आणि खोडाची साल खालपर्यंत सोलत नेते, कधी कधी तीच फांदी फिरून अंगावर येते. खोडापासून फूटभर लांब, आधी खालून फांदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत काप घ्या, मग त्याच्या थोडं पुढे वरून कापा, फांदी स्वच्छ तुटून पडते. मग राहिलेला खुंट, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या जरासा बाहेरून कापा, ते कडं कापायचं नाही, तिथूनच झाड जखम भरतं.

निलगिरी पाडताना ज्या बाजूला पाडायची त्या बाजूला खाच घ्यायची, बुंध्याच्या पाव हिश्श्याएवढी खोल, मग मागून काप, पण पूर्ण कापायचं नाही, मध्ये जाडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याची पट्टी ठेवायची, ती बिजागरीचं काम करते आणि झाडाला दिशा देते. ती पट्टी कापून टाकली की झाड कुठे जाईल ते कुणाच्या हातात राहत नाही. झाड आधीच एका बाजूला कललेलं असेल तर हात लावू नका, तसं झाड कापताना मधूनच उभं फाटतं आणि बुंधा छातीच्या उंचीवर मागे उसळतो. पळायची वाट आधी साफ करून ठेवा, पडायच्या दिशेच्या उलट आणि तिरकी, सरळ मागे नाही. झाड हललं की मशीन सोडून चालू लागा, बघत उभं राहू नका. शेजारच्या झाडात अडकलं तर खाली जायचं नाही, ज्या झाडानं अडवलंय ते कापायचं नाही, ट्रॅक्टर आणि लांब वायररोप आणा.

आणि शेतात एकटे कधीच नका करू हे काम. घरी कुणाला तरी सांगून जा, सोबत एक माणूस, खिशात जाड बँडेज आणि चार्ज असलेला फोन. जोरात रक्त येत असेल तर स्वच्छ कापड घालून पूर्ण जोरानं दाबून धरायचं, सोडून सोडून बघायचं नाही, आणि १०८ ला फोन.

घरासमोरच्या आंब्याच्या फांद्या विजेच्या तारांना लागतात. नवरा म्हणतो लाइट गेली की पटकन कोयत्यानं उतरवतो. – गृहिणी, कोल्हापूर

ताई, काहीही करून थांबवा त्यांना. लाइट गेली म्हणजे तारेत वीज नाही असं नसतं. फॉल्ट काढून कधी परत सोडतील सांगता येत नाही, आणि शेजारच्या कुणाचा जनरेटर किंवा चुकीचा जोडलेला इन्व्हर्टर उलटी वीज तारेत सोडू शकतो. महावितरणचे लाइनमनसुद्धा परमिट घेऊन, लाइन बंद करून, तपासून, तारांना अर्थिंग केल्याशिवाय हात लावत नाहीत, मग आपण का लावायचा. तुमच्या समोरची तार ४४० व्होल्टची आहे की ११ हजारची हे खालून बघून ठरवू नका, दोन्ही मारतात, आणि ११ हजारवालीला तर टेकायची पण गरज नसते, जवळ गेलं तरी पुरतं. ओली फांदी, ओला बांबू, ओला दोर, सगळ्यातून वीज वाहते, ॲल्युमिनियमची शिडी आणि आंबे काढायची ॲल्युमिनियमची काठी तर विचारूच नका.

१९१२ ला फोन करून तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या, पावसाआधी त्यांची फांद्या तोडायची मोहीम असते त्यात तुमचं झाड घालायला सांगा. नाही आले तर परत फोन, लेखी अर्ज, नगरसेवक, सगळं करा, पण कोयता नाही. आणि तुटलेली तार जमिनीवर दिसली तर जवळ जायचं नाही, चुकून जवळ असालच तर मोठी पावलं टाकत पळायचं नाही, पाय जुळवून घासत घासत लांब व्हायचं, कारण दोन पायांमधल्या अंतरानं पण शॉक बसतो. कुणाला शॉक बसला असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्याला हात लावू नका, हे फार कठीण आहे मला माहीत आहे, पण घरातले एकामागून एक असेच जातात.

आमच्याकडे पाडेली (माडावर चढून नारळ पाडणारा) मिळत नाही आता, मिळाला तर आठ-पंधरा दिवस थांबवतो. मुलगा म्हणतो माडावर चढायचं यंत्र घेऊ. घ्यावं का? – गुहागर, जि. रत्नागिरी

घ्या, पण नुसतं यंत्र नाही. पायानं चालवायचं ते दोन लोखंडी फासांचं केरळचं चेंबेरी मॉडेल म्हणून प्रसिद्ध आहे, त्यावर शिकलेला माणूस आरामात चढतो, पण मूळ यंत्रात पडणाऱ्याला अडवणारं काही नाही. कासारगोडच्या नारळ-सुपारीवर संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं त्याला सेफ्टीची जोडणी तयार केलीये, ती असलेलंच घ्या आणि त्याशिवाय हार्नेस आणि खोडाभोवती पट्टा, तो प्रत्येक टप्प्यावर सरकवत न्यायचा. नारळ विकास मंडळानं २०११ पासून माडावर चढायचं प्रशिक्षण सुरू केलं, मुलाला असं प्रशिक्षण मिळत असेल तर आधी तिथे पाठवा. पाऊस पडून गेल्यावर खोडावर शेवाळ असतं, त्या दिवशी नाही. गडबडीत नाही, जेवल्यावर लगेच नाही, आदल्या रात्री घेतली असेल तर नक्की नाही.

आणि चढायच्या आधी माडाकडे नीट बघायला शिकवा त्याला. बुंध्याला भोकं, त्यातून चिकट तांबूस रस, चघळल्यासारखा भुसा दिसला तर सोंड्या भुंगा आत शिरलाय, माड आतून पोकळ असू शकतो, त्यावर चढायचं नाही. शेंड्याची मधली पानं वाळलीत, शेंडा कललाय, तरी नाही. बुंध्यावर कोयत्याच्या पाठीनं ठोकून बघा, पोकळ आवाज येतो का. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला माड पडून रस्त्यानं चालणाऱ्या एका बाईंचा जीव गेला होता, म्हणजे धोका फक्त चढणाऱ्याला नसतो. पायरी म्हणून खोडाला कोयत्यानं खाचा पाडायची पद्धत काही ठिकाणी आहे ती सोडून द्या, त्या खाचांतूनच पाणी आणि कीड आत जाते.

नारळ पाडताना खाली माडाच्या बुंध्याशी कुणी गोळा करायला उभं राहू नये, सगळे पाडून माणूस खाली उतरला की मग गोळा करा. झावळीवर पाय देऊन उभं राहायचं नाही, हिरवी दिसली तरी.

वादळात पडलेला फणस अजून अंगणात आहे, मुळं अर्धी वर आलीत. स्वतः कापला तर चालेल का? – दापोली

निसर्ग वादळ ३ जून २०२० ला आलं तेव्हा तुमच्या भागात किती बागा आडव्या झाल्या ते तुम्ही पाहिलंय, त्यानंतर कापाकापी करताना जखमी झालेली माणसंही पाहिली असतील. पडलेलं झाड शांत दिसतं पण त्याच्या आत जोर अडकलेला असतो. एका बाजूचं लाकूड ताणलेलं आणि दुसऱ्या बाजूचं दाबलेलं. ताणलेल्या बाजूनं घाव घातला की खोड धाडकन फुटून उसळतं, दाबलेल्या बाजूनं घातला की मशीन चिमटीत अडकतं. आधी दाबलेल्या बाजूनं थोडं, मग ताणलेल्या बाजूनं हळूहळू, आणि उभं राहायचं ते खोड जिकडे उसळेल त्याच्या उलट बाजूला. मुळांचा जो गड्डा वर आलाय तो सगळ्यात वाईट, खोड कापून वजन निघालं की तो परत खड्ड्यात आपटतो, अख्खं उरलेलं खोड घेऊन उभा राहतो. त्या खड्ड्यात कुणी उतरू नये, मुलं तिथे खेळतात म्हणून मुद्दाम सांगतो. गड्डा जेसीबीनं धरून ठेवल्याशिवाय बुंध्याजवळ कापायचं नाही. वाकून जमिनीत रुतलेल्या बारक्या फांद्यांवर पण लक्ष ठेवा, त्या सुटल्या की तोंडावर बसतात.

जाणता माणूस आणि जेसीबी एकाच दिवशी मिळतील असा दिवस धरा. तोपर्यंत अंगणात पडून राहिला तर राहू दे.

वडावर आग्यामोहोळ आहे आणि शेजारची फांदी छाटायचीय. धूर करून छाटू का? – नाशिक

नका. आग्या माश्या चवताळल्या की शेकडो मीटर पाठलाग करतात, आणि वरचा माणूस दोराला बांधलेला असतो, त्याला पळता येत नाही. या माश्यांचं येणं-जाणं असतं, साधारण पावसाळ्याआधी पोळं सोडून जातात, पोळं रिकामं झाल्यावर छाटा. घाई असेल तर मध काढणारा अनुभवी माणूस बोलवा, पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था आहे, तिथूनही मार्गदर्शन मिळतं. कुठल्याही झाडावर चढायच्या आधी खालून एक फेरी मारून पोळं, गांधीलमाशीचं घर, ओंबील (झाडावरच्या चावऱ्या लाल मुंग्या), ढोलीतला साप, पक्ष्यांची घरटी बघायचीच. माश्या चावल्याच तर नांगी लगेच खरवडून काढा, आणि ओठ सुजले, श्वास लागला तर वाट बघू नका, १०८.

इंग्लंडमध्ये राहतो, बागेतलं उंच कॉनिफर काढायचंय. इथे कामाचे पैसे ऐकून धक्का बसला. ओळखीचा एक जण रोखीत स्वस्तात करतोय. – लीड्स

ठाण्याच्या सेक्रेटरींना जे सांगितलं तेच तुम्हाला. आधी तुमच्या कौन्सिलला विचारा त्या झाडावर संरक्षणाचा आदेश आहे का, आणि घर कॉन्झर्व्हेशन एरियात असेल तर दीड मीटर उंचीवर ७५ मिलीमीटरपेक्षा जाड खोड असलेल्या झाडासाठी सहा आठवडे आधी कळवावं लागतं. माणसाकडे चेनसॉ आणि चढाईची सर्टिफिकेट मागा, पब्लिक लायबिलिटी विम्याचा कागद मागा. तिथल्या १९९८ च्या नियमांप्रमाणे माणसाला उचलणारं, टांगणारं सामान दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावं लागतं, तो रिपोर्ट पण बघा. तुम्हाला जो रेट जास्त वाटतोय तो या सगळ्याचा आहे. पक्षी घरटी करतात त्या महिन्यांत, साधारण मार्च ते ऑगस्ट, काम टाळता आलं तर टाळा.

मुलं जांभळावर चढतात. चिंचेवर चढलेली चालतात, जांभळाला आई ओरडते. का? – सातवीतला वाचक, सातारा

आई बरोबर ओरडते. चिंचेचं लाकूड चिवट, फांदी वाकते, करकरते, आपल्याला कळतं. जांभळाची फांदी जाड दिसते पण न वाकता एकदम मोडते, काही सांगत नाही. शेवगा आणि पांगारा तर त्याहून ठिसूळ. जांभळं पिकली की खाली चादर धरा आणि लांब काठीनं हलवा, वर तारा नाहीत ना ते बघून. आणि चिंचेवर चढताना पण वाळकी फांदी धरायची नाही, एक हात नेहमी खोडाला.